श्रावणातल्या दक्षिणेची शिष्यवृत्ती होते तेव्हा

समजा, निरवांगीची एक मुलगी आहे. इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं गाव. अलीकडे उसाची शेतं, नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका. मुलीचं बी.ए. झालंय, मार्क चांगले आहेत आणि तिला पुण्यात जाऊन समाजशास्त्रात एम.ए. करायचंय. घरात चर्चा सुरू होते. तिला जमेल की नाही, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. प्रश्न असतो खोलीच्या भाड्याचा, मेसच्या डब्याचा, फीचा, पुस्तकांचा. आणि एक खर्च असा, की तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही: कमावत्या वयातलं माणूस दोन वर्षं काहीही न कमावता नुसतं वाचत, लिहीत, विचार करत बसणार!

मग कुणीतरी म्हणतं, "अगं, स्कॉलरशिप बघ की."

किती सहज म्हणतो आपण हे. पण जरा थांबून बघा, केवढी विलक्षण गोष्ट आहे ती! ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही, जो कदाचित शंभर वर्षांपूर्वीच वारला, असा माणूस तुमच्या जेवणाचे आणि राहण्याचे पैसे देतो. का? तर तुम्ही शिकावं म्हणून. तो परतफेड मागत नाही, नातं विचारत नाही, आणि आपल्या पैशाचं पुढे काय झालं हे बघायला तो जागेवरही नसतो. माणसांनी हे असं करायचं मुळात ठरवलं तरी कसं?

सुरुवात निरवांगीच्या शेजारीच करू. अठराव्या शतकात बारामतीला एक मोठी पेढी होती, बाबूजी नाईकांची. पेशव्यांचे हे सोयरे आणि सावकार. त्यांच्या आश्रयाला एक पुराणिक राहिले, मोरेश्वर रामजी पराडकर. आपण त्यांना मोरोपंत म्हणून ओळखतो. पन्हाळ्याला जन्मलेल्या या माणसाने १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बारामतीत बसून आर्यांवर आर्या रचल्या, महाभारत मराठीत आणलं, रामायण तर शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहिलं. मोरोपंतांची ही सगळी कामगिरी कशावर उभी होती? घर चालवायची चिंता दुसऱ्याने घेतली होती, त्यावर. आजच्या भाषेत ती जन्मभराची फेलोशिपच झाली.

पण आश्रयदात्याच्या पैशात एक मोठी खोट असते. तो एका माणसाने एका माणसाला दिलेला असतो. दात्याची मर्जी फिरली, पेढी बुडाली, राज्य बदललं, की संपलं. मोरोपंतांनंतर बारामतीत दुसरे मोरोपंत व्हायचे असते, तर त्यांना नवे बाबूजी नाईक शोधावे लागले असते. मग दाता गेल्यावरही देणं चालूच राहील, अशी सोय कशी करायची?

याचं उत्तर निरवांगीच्या शेतकऱ्याला कुणी समजावायची गरज नाही. ऊस तोडला तरी बेट जमिनीत राहतं आणि त्यातूनच पुढच्या वर्षी खोडवा फुटतो. शिष्यवृत्तीचा निधी अगदी असाच चालतो. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज तोडायचं. आणि खोडव्याला खत घातलं नाही तर उतारा पडतो ना? निधीचंही तसंच. महागाई दरवर्षी त्या रकमेचा कस खात असते. म्हणून शहाणा निधी सगळं व्याज कधीच वाटून टाकत नाही, त्यातला काही भाग परत मुळात घालतो. शंभरावर सात रुपये व्याज आलं तर चार द्यायचे, तीन जिरवायचे. हे न केल्यामुळे कितीतरी जुनी बक्षिसं आज नावापुरती उरली आहेत. देताना जी रक्कम भरघोस होती, तिच्या व्याजात आता एक पुस्तकही येत नाही.

ही युक्ती जगात अनेकांना सुचली. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी अ‍ॅन मोल्सन या विधवेने समुद्रापलीकडच्या हार्वर्ड कॉलेजला १०० पौंड पाठवले. एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा खर्च त्यातून चालावा म्हणून. हार्वर्डची ती पहिली शिष्यवृत्ती मानली जाते. ज्या कॉलेजात बाईला पाऊल टाकायची मुभा नव्हती, तिथल्या मुलांना शिकवायला एका बाईने पैसे दिले! अडीचशे वर्षांनी हार्वर्डच्या शेजारी मुलींचं कॉलेज उभं राहिलं, तेव्हा त्याला तिचंच माहेरचं नाव दिलं गेलं, रॅडक्लिफ.

पण आपल्या पुण्यात याहून चक्रावून टाकणारी गोष्ट घडली. इथे निधी कुणी ठरवून स्थापलाच नाही. एका राज्याचा धर्मादाय हळूहळू, भांडणं होत होत, दीडशे-दोनशे वर्षांत पदव्युत्तर शिष्यवृत्तीत बदलत गेला!

श्रावण महिना. पर्वतीच्या पायथ्याशी भलंमोठं कुंपण घातलेलं आवार, त्याला रमणा म्हणत. तळेगावच्या दाभाड्यांच्या घरी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा द्यायचा प्रघात होता, तो बाजीरावाच्या काळात पुण्यात आला आणि नानासाहेब पेशव्यांच्या वेळी फुगत फुगत गेला. कोकणातून, कर्नाटकातून, तेलंगणातून, थेट काशीहून ब्राह्मण चालत यायचे. वेदशास्त्रात पारंगत असलेल्यांची परीक्षा होई आणि त्यांना मानाची दक्षिणा नि शालजोड्या मिळत. बाकीच्या हजारोंना रमण्यात आत घ्यायचं आणि बाहेर पडताना दारात प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवायचे. खर्च लाखांत जाई. गर्दी एवढी, की पुण्याच्या कोतवालीला महिनाभर उसंत नसे. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाने कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि शहर खवळून उठलं, तेही या दक्षिणेसाठीच पुण्यात आले होते.

यात विद्येचा अंश होता, हे मान्य करायला हवं. परीक्षा होती, पंडितांचा मान होता. पण विद्या एका जातीची मानलेली होती, आणि त्या जातीतही पुरुषांचीच. हे लक्षात असू द्या. पुढे काय झालं त्याची मजा त्याशिवाय कळणार नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या राज्यकर्त्यांपुढे, म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे, प्रश्न आला: या दक्षिणेचं करायचं काय? बंद केली तर पुणं चिडणार, चालू ठेवली तर तिजोरीला भोक. त्याने मधला मार्ग काढला. रमण्यातली सरसकट वाटणी थांबवली, विद्वानांसाठी वर्षाला ५० हजार रुपये राखून ठेवले. आणि या दक्षिणेच्या पैशातूनच ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. बघा, पहिलं वळण आलं. आतापर्यंत जो पैसा शिकून झालेल्यांना मिळत होता, तो आता शिकत असलेल्यांवर खर्च होऊ लागला.

पुढचं वळण मात्र कुणी साहेबाने दिलं नाही. पुण्याच्याच तरुणांनी ते खेचून आणलं. १८४९ मध्ये लोकहितवादींच्या गोटातल्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला: दक्षिणेतला पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, आणि जात बघू नका. शहरात आग लागल्यासारखं झालं. सनातनी जमले, अर्जदारांना धमक्या आल्या. तेव्हा जोतीराव फुले विशीतले होते. ते महार-मांग वस्तीतली माणसं घेऊन या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. लोकहितवादींच्या गोटातली बरीच मंडळी ब्राह्मण होती, म्हणजे त्यांच्या मागणीने नुकसान झालंच तर त्यांच्याच जातीचं होणार होतं! मला या साऱ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. घरात येणारा पैसा दाराबाहेर जाऊ दे, असं घरातल्याच मुलांनी म्हणायला किती धाडस लागत असेल?

त्यानंतर दक्षिणा प्राइझ कमिटी आली, ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. याच निधीतून फुल्यांच्या मंडळीच्या महार-मांगांसाठीच्या शाळांना सरकारी मदतही मिळाली. एकदम सगळं बदललं मात्र नाही. १८५५ मध्ये फुल्यांनी आपलं 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे पाठवलं, तर ते नाकारलं गेलं. पैशाची वाट बदलली तरी वाटणाऱ्याच्या हाताला जुनी सवय असते.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि आपल्या निरवांगीच्या मुलीच्या कामाचं वळण आलं. दक्षिणेच्या पैशाचा एक भाग कॉलेजातल्या फेलोशिपसाठी काढला गेला: दक्षिणा फेलो. ही कल्पना किती आधुनिक होती बघा. पदवीच्या पुढे शिकणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला दरमहा पैसे द्यायचे, आणि त्याने बदल्यात खालच्या वर्गांना शिकवायचं. आज आपली मुलं अमेरिकेत जाऊन 'टीएशिप मिळाली' असं आनंदाने फोनवर सांगतात ना? अगदी तीच व्यवस्था, दीडशे वर्षांपूर्वी, पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशावर.

आणि त्या सुरुवातीच्या फेलोंमध्ये कोण होते? एक रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दुसरे महादेव गोविंद रानडे. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत बसलेले, १८६२ मध्ये पहिल्या बी.ए.च्या तुकडीत पास झालेले हे दोघे. भांडारकरांनी पुढे संस्कृतच्या अभ्यासाला युरोपातल्या पंडितांच्या बरोबरीने नेऊन बसवलं. रानड्यांची तर गोष्टच निराळी. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून इंग्रजांची बाजू पडती दाखवली. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी चिडून त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. मूळचा पैसा पेशव्यांच्या राज्याचा, आणि तो अडवला का, तर मराठ्यांच्या राज्याची बाजू घेतली म्हणून!

आता जरा उडी मारून १९२६ मध्ये या. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली एक मुलगी. ब्रह्मदेशात जन्मलेली, तिथल्या महानदीचं नाव लाभलेली, पुण्यात हुजूरपागेत शिकलेली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढलेली. तिला मुंबईला जाऊन डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास करायचा होता. खर्च कसा चालला? तिला दक्षिणा फेलोशिप मिळाली!

तीच दक्षिणा. ज्या रमण्यात कुठल्याही स्त्रीला हात पुढे करता आला नसता, त्या पैशावर इरावती कर्वे एम.ए. झाल्या, आणि विषय कोणता, तर समाज कसा बनतो, जाती कशा घडतात! जातीच्या हिशोबाने वाटल्या जाणाऱ्या पैशाने अखेर जातीचाच अभ्यास करायला माणूस नेमला. पुढे त्या बर्लिनला गेल्या, डॉक्टरेट घेऊन आल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. डेक्कन कॉलेज म्हणजे काय? १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात उघडलेल्या त्या पाठशाळेचंच वाढलेलं रूप. दक्षिणेने त्यांना शिकवलं आणि दक्षिणेतून उगवलेल्या संस्थेनेच त्यांना काम दिलं.

त्या संस्थेचा पुनर्जन्मही ऐकण्यासारखा आहे. सरकारने १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. येरवड्याच्या इमारतीसाठी जमशेटजी जीजीभाई घराण्याची मोठी देणगी घेतलेली होती. शिक्षणासाठी घेतलेला पैसा सरकारला असा मिटवता येत नाही, हा त्यांचा आधार होता. १९३९ मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं, पण फक्त पदव्युत्तर अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी. देणगीला जोडलेल्या कागदाचं बळ एवढं असतं.

इरावतीबाई ज्यांच्या घरी वाढल्या त्या परांजप्यांचंच बघा. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचा मुलगा. १८९६ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. पण अशाच सरकारी शिष्यवृत्तीचं दार त्याच्या काही वर्षं आधी एका मुलीच्या तोंडावर बंद झालं होतं. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिली आली. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती, पण ती नाकारली गेली. कारण एकच, ती बाई होती. शेवटी इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोचली आणि १८९२ मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसणारी पहिली स्त्री ठरली. शिष्यवृत्तीच्या नियमात लिहिलेला किंवा न लिहिलेला एक शब्द एखाद्याचं आयुष्य कुठून कुठे नेतो!

आणि नियम थोडा सैल असेल तर काय होतं? मुंबईचे शेठ सर मंगळदास नथुभाई. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. तो पूर लवकरच ओसरला, पेढ्या धडाधड बुडाल्या. पण त्या काळात विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र टिकला. मंगळदासांनी पदवीधरांना परदेशी जाऊन शिकता यावं म्हणून विद्यापीठाला रक्कम दिली होती. सत्तरेक वर्षांनी मुंबई विद्यापीठाकडून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती कमला भागवत या मुलीला मिळाली. ही तीच मुलगी, जिला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला होता आणि जिने हट्टाने तो मिळवला होता. केंब्रिजमध्ये तिने बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाचं द्रव्य असतं, हे दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध केवळ चाळीसेक पानांचा! आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. अमेरिकेतल्या युद्धामुळे महागलेल्या कापसाचा नफा केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जाऊन बटाट्याच्या पेशीत डोकावतो, ही साखळी कुठल्या कादंबरीकाराला तरी सुचली असती का?

या सगळ्यात सर्वांत दूर पोचलेला पैसा मात्र बडोद्याचा.

मालेगावजवळच्या कवळाणे गावातला एक शेतकऱ्याचा मुलगा, गोपाळराव. १८७५ मध्ये त्याला दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवलं. तेव्हा त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. म्हणूनच असेल कदाचित, सयाजीराव गायकवाडांना शिक्षणाची किंमत जन्मभर कळत राहिली. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आणि जून १९१३ मध्ये त्यांच्या राज्याने एका बावीस वर्षांच्या तरुणाशी करार केला. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील वारले होते. भीमराव रामजी आंबेडकर जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले.

या तीन वर्षांत काय काय झालं बघा. १९१५ मध्ये एम.ए. १९१६ च्या मे महिन्यात भारतातल्या जातींच्या उगमावर एका चर्चासत्रात वाचलेला निबंध, जो आजही जगभर वाचला जातो. डॉक्टरेटच्या प्रबंधाचं काम. आणि लगेच लंडन, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेलेही, पण तिथे अस्पृश्याला राहायला कुणी खोली देईना. राज्याचा राजा ज्याला साता समुद्रापार शिकवायला तयार, त्याला त्याच राज्याच्या राजधानीत डोक्यावर छप्पर मिळालं नाही! मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजची नोकरी, पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, मित्राकडून कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये डी.एससी. पदव्युत्तर शिक्षणाचे पैसे कसे जमतात याचा एवढा पूर्ण नमुना दुसरा सापडणार नाही: राजाची शिष्यवृत्ती, पगार, देणगी, उसनवारी, सगळं एकाच माणसाच्या नशिबी आलं.

म्हणूनच पुढचं घडलं. १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं टिपण दिलं. त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची मागणी होती. नुसत्या शाळा काढून भागणार नाही, आमची मुलं वरच्या जागांवर बसली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे आदिवासी मुलांनाही ती लागू झाली. आज वसतिगृहातली पोरं जिला 'जीओआय' म्हणतात, ती भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, तिची मुळं इथे आहेत. ज्याच्या शिक्षणाची मुदत पैशाअभावी तुटली, त्याने लाखो मुलांची मुदत जोडून दिली. बडोद्याच्या दरबारातल्या कुठल्या कारकुनाने तो साडेअकरा पौंडांचा हिशोब लिहिला असेल, त्याला याची कल्पना येणं शक्य होतं का?

तर मग निरवांगीच्या मुलीपुढे आज काय आहे? आता पैसा बहुतेक सरकारी तिजोरीतून येतो आणि महाडीबीटीच्या पोर्टलवरून थेट बँकेत पडतो. रमण्याच्या दारात हातावर पैसे ठेवत, आता आधार जोडलेल्या खात्यात. ज्या प्रवर्गात बसत असेल त्याप्रमाणे पोस्ट मॅट्रिक, फ्रीशिप, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता. पीएच.डी.ला गेली तर बाबासाहेबांच्या नावाची बार्टी, शाहू महाराजांच्या नावाची सारथी, जोतीरावांच्या नावाची महाज्योती, या संस्थांची फेलोशिप. अनुसूचित जातीतल्या मुलांना परदेशी जायचं असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची, दरवर्षी ७५ जणांची शिष्यवृत्ती. नावं वाचत जा, शाहू महाराज, पंजाबराव, जोतीराव, बाबासाहेब. सगळी याच गोष्टीतली, नाहीतर तिच्या आसपासची माणसं.

एक व्यावहारिक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या वाटेवर मुलं बुद्धीने कमी आणि कागदांनी जास्त अडतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप प्रमाणपत्र. हे इंदापूरच्या तहसीलमधून किंवा सेवा केंद्रातून निकालाच्या आधीच काढून ठेवावेत. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, हे स्वतः बँकेत जाऊन विचारून यावं. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तारीख चुकली की हक्काचं वर्ष जातं.

आणि शिष्यवृत्ती हातात पडेपर्यंतचे महिने? त्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची. दिवसाचे काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करायचं आणि त्याचा तासाप्रमाणे मोबदला घ्यायचा. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊरावांनी ही कल्पना साताऱ्यात रुजवली, आपल्याच हातांनी पिकवायचं, आपणच शिजवायचं, आपणच शिकायचं. दक्षिणा फेलो वर्गात शिकवून फेडायचे, ही मुलं अंग मोडून काम करून फेडतात.

पण मला एक गोष्ट राहून राहून वाटते. सरकारचा पैसा हवाच, तो हक्काचा आहे. तरी आपल्या गावाचा, आपल्या नावाचा एखादा निधी का असू नये? हिशोब करून बघू. समजा, एखाद्या गावातून वर्षाला ३० हजार टन ऊस कारखान्याला जातो. टनामागे दोन रुपये बाजूला काढले तर वर्षाला ६० हजार. आपल्या भागात शिक्षणसंस्था अशाच टनामागच्या कपातीवर उभ्या राहिल्या, त्यामुळे ही रीत नवी नाही. दहा वर्षांत मुद्दलच सहा लाख. त्यावर सात टक्के व्याज धरलं तर ४२ हजार. त्यातले १८ हजार मुळात परत घातले तरी दरवर्षी २४ हजार रुपये हातात. एका मुलीला पुण्यात राहून एम.ए. करताना महिन्याला दोन हजारांचा आधार. आणि हे दरवर्षी. आज काढणारे सगळे गेल्यावरही.

असा निधी खरंच काढायचा झाला, तर त्याचा कागद मात्र नीट करा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा किंवा विद्यापीठाकडेच रक्कम सोपवा. मुद्दलाला हात लावता येणार नाही, हे ठळक लिहा. व्याजातलं किती टक्के परत मुळात जाईल, तेही लिहा. आणि कुणाला द्यायचं या रकान्यात विषय, जात, मुलगा की मुलगी यांतली एकही अट घालू नका. 'गावातला पदवीधर, पुढे शिकायची इच्छा' एवढं पुरे. बाकीचं त्या त्या वर्षीच्या अर्जदाराला ठरवू द्या.